स्प्लेंडरच्या हँडलवर मोटोजीपी २५ : कामाच्या नोंदी

३ मे २०२५

काम काय आहे ते आधी सांगतो. भंगारातल्या स्प्लेंडरचं हँडल, मूठ, ब्रेकचा लिव्हर अन पायाचा गिअर पीसीला जोडायचा, आणि त्याच्यावर मोटोजीपी २५ खेळायचा, म्हणजे मोटारसायकलच्या जागतिक रेसवरचा गेम. गेम ३० एप्रिलला आला, इटलीतल्या मिलानच्या माइलस्टोन कंपनीचा आहे, मामाच्या पोरानं आल्या आल्या घेतला. तो पुण्याला नोकरीला असतो, उन्हाळाभर घरून काम आहे म्हणून गावात आला अन पीसी पण सोबत घेऊन आला. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात, माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे, म्हणजे सोल्डरिंग अन मल्टीमीटर घरचंच. पुढे कोणाला हे करायचं असलं तं त्याचे पैसे अन वेळ वाचावा म्हणून लिहून ठेवून राहिलो.

आधी साध्या गेमपॅडवर खेळून पाह्यलं. या वेळी गेमात खेळायच्या दोन तऱ्हा दिल्या आहेत, आर्केड अन प्रो. आर्केडमध्ये उशिरा ब्रेक मारला तरी गाडी वळते, घरातल्या लहान पोट्ट्यांनाही जमते. प्रो मात्र वेगळाच मामला आहे. इटलीतल्या मुजेल्लो ट्रॅकची सरळ पट्टी १.१ किलोमीटरची, २०२३ मध्ये ब्रॅड बाइंडर या स्वारानं तिथेच ताशी ३६६.१ किलोमीटर काढले होते, अन त्या पट्टीच्या शेवटी सान दोनातो नावाचं उजवं वळण येते. साडेतीनशेच्या आसपासच्या वेगावरून शंभराच्या खाली यावं लागते. पॅडवर मला तिथे एकदाही नीट थांबता आलं नाही, कारण पॅडचं ट्रिगर बोटभरही दबत नाही, त्याच्यात अर्धा ब्रेक किती अन पाऊण किती हे बोटाला कळतच नाही. रोज शेतात अन आर्वीला गाडी चालवून चालवून मूठ किती पिळायची हे उजव्या हाताला चांगलं माहीत आहे. तोच हात गेमात घालायचा, एवढंच डोक्यात आहे.

आवाजाबद्दल सांगायलाच पाहिजे. या वेळी इंजिनाचे आवाज खऱ्या गाड्यांवरून रेकॉर्ड केले आहेत. २०२५ च्या सीझनला बाकी सगळ्यांचं इंजिन व्ही-फोर, म्हणजे चार सिलिंडर व्ही आकारात, फक्त यामाहाचं चार सिलिंडर एका ओळीतलं. हेडफोन लावून डोळे मिटले तरी कोणती गाडी बाजूनं गेली ते समजते. मी रात्री नुसतं तेच ऐकत बसलो होतो.

५ मे

भंगारवाल्याकडे स्प्लेंडर मिळाली, फोर्क वाकलेला पण हँडल सरळ. हँडल, दोन्ही लिव्हर, पुढच्या ब्रेकची केबल, टाच-पंजावाला गिअर लिव्हर अन दोन फूटरेस्ट मिळून ४५० रुपये. घेताना एक गोष्ट पाहून घ्या, गाडी ड्रम ब्रेकवाली असू द्या. ड्रमचा लिव्हर केबल ओढते, अन केबल आपण पाहिजे त्याला बांधू शकतो. डिस्कवाल्यात ऑइल असते, मग प्रेशर सेन्सर शोधत फिरा.

सेन्सरचे आकडे वाचून पीसीला द्यायला बोर्ड लागते, तो प्रो मायक्रो घेतला, त्याच्यावर एटीमेगा ३२यू४ चिप असते. साधा अर्डुइनो ऊनो घेऊ नका, त्याची मेन चिप यूएसबीवर सरळ गेम कंट्रोलर म्हणून उभी राहत नाही, ३२यू४ राहते. नागपूरच्या सीताबर्डीतून मामाच्या पोराच्या मित्रानं आणून दिला, ५५० रुपये.

८ मे

थ्रॉटलचं पहिलं डिझाइन गेलं. मुठीला १० के चा पॉट लावला होता, म्हणजे फिरवला की रेझिस्टन्स बदलते तो पार्ट. पॉट फिरते साधारण ३०० अंश अन मूठ फिरते पाव चक्कर, म्हणजे पॉटचा थोडाच भाग कामी येते. ते कोडमध्ये ताणून घेता आलं असतं, पण खरा त्रास आवाजाचा, म्हणजे सिग्नलच्या आवाजाचा. पॉटच्या आत कार्बनची पट्टी असते, आमच्याकडची धूळ त्याच्यात गेली की आकडा मधेच उडी मारते. वळणात गाडी झुकलेली असताना थ्रॉटल आपोआप दहा टक्के वाढला की मागचं टायर सुटते, मग परत पकडते अन स्वार वर फेकल्या जाते. याला हायसाइड म्हणतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारलं, एक दिवस बरं चाललं, परत तेच.

उपाय आर्वीतच सापडला. ई-रिक्षाचे पार्ट विकणाऱ्याकडून ई-रिक्षाचा थ्रॉटल आणला, २८० रुपये. त्याच्यात हॉल सेन्सर असते, चुंबकावर चालते, घासायला काही नाही म्हणून धुळीचा प्रश्नच नाही. तीन वायर, लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, हिरवी सिग्नल. मोकळा सोडला की बोर्डावर आकडा १७० च्या आसपास येते अन पूर्ण पिळला की ८६०. कोडमध्ये १८५ पासून ८४५ पर्यंत धरला, दोन्ही टोकाला थोडी जागा सोडली. नाही सोडली तं गरमीत आकडा सरकते अन मूठ सोडल्यावरही गेमात गाडी पुढे ढकलत राहते. आतली स्प्रिंग खऱ्या गाडीपेक्षा हलकी आहे, तेवढं चालते.

१२ मे

काल फ्रान्सच्या ले माँची मोटोजीपी रेस पाह्यली, पावसात योहान झार्को जिंकला. फ्रान्सच्या स्वारानं घरच्या रेसमध्ये जिंकायला १९५४ नंतर आता वेळ आली. ओल्या रस्त्यावर ते लोक मूठ किती हळू उघडतात ते पाहून मला माझ्या थ्रॉटलचा सुरुवातीचा भाग जास्त बारीक करावा वाटला.

आज मोठी गडबड झाली, तिच्यावर सविस्तर लिहितो कारण बहुतेक जण इथेच अडकतील. हँडल मी गाडीवर असते तसंच बसवलं होतं, म्हणजे मधल्या दांड्यावर डावीकडे-उजवीकडे फिरणारं. हँडल डावीकडे फिरवलं की गेमात गाडी डावीकडे, असा हिशोब. बसून खेळलो तं गाडी वेगातल्या प्रत्येक वळणात उलटीच. हळू वेगात ठीक, दीडशेच्या वर गेली की माझाच हात चुकीचं करून राहिला होता. मामाचा पोरगा म्हणे, "काऊन बे, डावं वळण आहे अन तू उजवीकडे काऊन मारून राहिला?"

विचार केला, मग बाहेर जाऊन खऱ्या गाडीवर पाह्यलं. डांबरी रस्त्यावर साठच्या स्पीडला डावीकडे झुकायचं असलं तं आपण डाव्या मुठीला पुढे लोटतो, म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे फिरते अन गाडी डावीकडे पडते. हे सगळेच करतात, फक्त कोणाच्या ध्यानात नसते. माझा हात वर्षानुवर्षं तेच करून राहिला. रिगमध्ये, म्हणजे माझ्या या जोडणीत, डावी मूठ पुढे लोटली की सेन्सरला वाटते हँडल उजवीकडे गेलं, अन गेम उजवीकडे नेते.

कोडमध्ये दिशा उलटी करून पाहिली. मग हळू वेगात उलटं होते, पिटमधून, म्हणजे ट्रॅकच्या बाजूच्या गॅरेजमधून, निघतानाच भिंत. म्हणून ठरवलं की फिरणारं हँडलच नको. हँडल तराजूच्या दांडीसारखं वरखाली झुकणारं पाहिजे, डावं टोक खाली दाबलं की डावीकडे. झुकणं म्हणजे झुकणं, त्याच्यात हळू-जोरात असा फरकच राहत नाही. जुनी वेल्डिंग कापा लागन.

१६ मे

वेल्डिंगवाल्या काकांकडे चार दिवस गेले. काम तासाभराचं, पण दुपारी व्होल्टेज एवढं कमी की वेल्ड नुसतं वर बसते, आत जात नाही. एक जोड हातानंच निघाला. मग काकांनी सकाळी सहाला बोलावलं, तेव्हा व्होल्टेज पूर्ण असते, अन एका दमात सगळं झालं. "पोरा, हे चालन काय तुहं?" म्हणून विचारत होते, मी म्हटलं काका, चालन. ४०० रुपये घेतले, लोखंड त्यांचंच.

आता हँडलच्या मागे आडवा दांडा, जुन्या चाकाच्या दोन बेअरिंगवर, दोन्ही बाजूला वीस-वीस अंश झुकते. मधोमध परत यायला साइड स्टँडच्या दोन स्प्रिंगा लावल्या.

१९ मे

झुकण्याचं मोजमाप. आधी एमपीयू६०५० लावला, जो मोबाईलमधल्या जायरोसारखा असते. कागदावर सोपं वाटते. पण ज्या टेबलावर रिग, त्याच्याच बाजूला कूलर, त्याच्या थरथरीनं आकडा सतत डुगडुगते. कोडमध्ये गाळणी (फिल्टर) लावली तं उशीर होते. कूलर बंद करून मे महिन्यात खेळणं आमच्याकडे होत नाही. काढून टाकला.

मग एएस५६००, म्हणजे चुंबक किती फिरलं ते मोजणारा सेन्सर, दांड्याच्या टोकाला चुंबक अन समोर सेन्सर. एका चकरीत ४०९६ पायऱ्या, माझ्या चाळीस अंशात साडेचारशेच्या आसपास येतात, तेवढ्यात काम होते. त्याच्यासोबतचं चुंबक दुकानातच कुठे तरी पडलं, म्हणून जुन्या हेडफोनच्या स्पीकरमधलं छोटं गोल चुंबक लावलं, तं आकडा हलेचना. दोन संध्याकाळी वायर तपासत बसलो. वायर बरोबर होत्या. या सेन्सरला ज्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव आडवे, व्यासावर असतात तसं चुंबक लागते, साध्या चुंबकाचे ध्रुव वर-खाली असतात, ते जागेवर फिरवलं तरी सेन्सरला काहीच फरक दिसत नाही. नवीन सेट मागवला, १८० रुपये, कुरिअर आर्वीपर्यंतच येते. लावल्या लावल्या चाललं.

२३ मे

ब्रेक. माझ्या मते सगळ्या रिगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, म्हणून याच्यावर वेळ घालवायला मागेपुढे पाहिलं नाही.

गाडीचा ब्रेक आपण लिव्हर किती आत गेला याच्यावर मारत नाही, किती जोरानं दाबला याच्यावर मारतो. एकदा लायनर ड्रमला टेकले की लिव्हर फारसा सरकतच नाही, फक्त जोर वाढते. म्हणून पॉट नको, लोड सेल पाहिजे, म्हणजे वजन-जोर मोजणारा सेन्सर. घरातल्या बंद पडलेल्या किचनच्या डिजिटल काट्यातला पाच किलोचा लोड सेल काढला, ब्रेकच्या केबलचं टोक त्याला बांधलं, मध्ये ट्यूबच्या रबराचा ठोकळा. पहिली दहा मिनिटं अप्रतिम. मग ब्रेक सोडल्यावरही गेमात ब्रेक लागलेलाच. लोड सेल वाकला होता, शून्यावर परत येत नव्हता. लिव्हरनं जोर कितीतरी पटीनं वाढते, चार बोटांनी दाबलं तरी केबलवर पाच किलोच्या खूप वर जाते.

रात्री अवकाळी पाऊस आला, वीज कडाडली, लाईन सकाळपर्यंत नव्हती.

२७ मे

उत्तर शेतीतच होतं. कापूस वेचणीच्या वेळी मजुरांचे गाठोडे मोजायला हूकवाला पन्नास किलोचा डिजिटल काटा असते, त्याचा डिस्प्ले गेलेला एक काकाच्या घरी पडून होता. उघडला, आतला लोड सेल चांगला, चार वायर, अन मुख्य म्हणजे तो ओढण्यासाठीच बनवलेला आहे, त्याला वरून-खालून हूक तयारच. एक हूक फ्रेमला, दुसऱ्यात ब्रेकची केबल. एक पैसा लागला नाही. ज्याच्या घरी कापूस आहे त्याच्या घरी असा काटा सापडनच.

पण ब्रेक उशिरा लागून राहिला होता. थोडासाच, पण सान दोनातोला तेवढ्यानंच सरळ वाळूत. कारण एचएक्स७११ मध्ये निघालं, म्हणजे लोड सेलचा आकडा वाचणारा जो छोटा बोर्ड असते त्याच्यात. तो आलेला असते तसा सेकंदाला दहाच वेळा आकडा देते. वजन मोजायला ठीक आहे. ताशी ३०० किलोमीटरला गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, म्हणजे दोन आकड्यांच्या मधे आठ मीटर निघून गेले. चिपचा १५ नंबरचा पाय ग्राउंडला जोडलेला असते, तो सुईनं हळूच उचलायचा अन शेजारच्या १६ नंबरला, म्हणजे सप्लायला, सोल्डर करायचा. मग सेकंदाला ऐंशी आकडे येतात. भिंग लावून करा, पाय तुटला तं बोर्ड गेला, पण बोर्ड शंभर रुपयाच्या आत मिळते.

दुसरं, चालू करताना कोडनं स्वतःच शून्य पकडलं पाहिजे. दुपारच्या अन रात्रीच्या तापमानात शून्य सरकते. सुरू करताना लिव्हरला हात लावू नका एवढंच.

३० मे

आधी बोर्ड साधा जॉयस्टिक म्हणून लावला होता, गेमनं ओळखला नाही. एक्सइनपुटची, म्हणजे एक्सबॉक्सचा पॅड ज्या पद्धतीनं पीसीशी बोलते तिची, लायब्ररी टाकली, आता पीसीला हा एक्सबॉक्सचा पॅड वाटते. उजवं ट्रिगर थ्रॉटल, डावं ट्रिगर पुढचा ब्रेक, डावी स्टिक झुकणं. ट्रिगरला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या मिळतात, चालण्यासारखं आहे.

एक ध्यानात ठेवा, एक्सइनपुट टाकल्यावर बोर्डाचा सिरियल पोर्ट गायब होते अन पुढच्या वेळी कोड टाकायला गेलं की बोर्ड मेला असं वाटते. मेला नसते. आरएसटी, म्हणजे रीसेटची पिन ग्राउंडला पटकन दोन वेळा टेकवायची, मग आठ सेकंद तो कोड घ्यायला तयार राहते, तेवढ्यात अपलोड मारायचं. मी त्या दोन पिनांना हॉर्नच्या बटणाची वायरच जोडून टाकली.

२ जून

गिअर. लिव्हरखाली दोन मायक्रोस्विच, पंजा दाबला की वरचा गिअर, टाच दाबली की खालचा. लवकर झालं. यात एक आनंदाची गोष्ट कळली. रेसमधले बहुतेक स्वार गिअर उलटा ठेवतात, वर जायला लिव्हर खाली दाबायचा, कारण डावीकडे झुकलेलं असताना पाय लिव्हरच्या खाली घालायला जागा नसते. स्प्लेंडरला तं सगळेच गिअर पुढे दाबून पडतात. म्हणजे आमच्या पायाला रेसची सवय आधीपासूनच आहे, पल्सर चालवणाऱ्या मित्राला मात्र सारखं चुकायला होते.

मागचा ब्रेक साध्या बटणावर ठेवला. वेगात त्याचं काम कमीच पडते.

६ जून

आज गेम खऱ्या अर्थानं खेळलो. प्रो मोड, दोन्ही ब्रेक एकत्र लावायची मदत बंद, टक-इन (सरळ पट्टीवर स्वाराचं वाकून बसणं) ऑटोवर, ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी मदत) मधल्या आकड्यावर.

मुजेल्लोवर पहिल्यांदा सान दोनातो जमलं. काय होते ते लिहितो. सरळ पट्टीच्या शेवटी चारही बोटं लिव्हरवर, एकदम जोरात, मागचं चाक हलकं होते ते स्क्रीनवर दिसते. पॅडवर मी इथपर्यंत यायचो, मग ब्रेक सोडून वळायचो अन गाडी बाहेर जायची. आता हातानं आपोआप वेगळं केलं, हँडल झुकवत गेलो अन तेवढाच लिव्हर ढिला करत गेलो, एकदम सोडला नाही. ब्रेक थोडा लागलेला असला की पुढच्या टायरवर वजन राहते अन ते रस्त्याला धरून राहते. जास्त लागला तं पुढचं टायर निसटते, गाडी खाली बसते. या दोघांच्या मधे एक पट्टी आहे, ती बोटांना जाणवते. गेम बनवणाऱ्यांनी ही गोष्ट एवढी बारीक बसवली आहे हे मला पॅडवर कळलंच नव्हतं. माझं आता पक्कं मत झालं, झुकण्याच्या मशिनरीवर आपण सगळे जेवढा वेळ घालवतो त्याच्या अर्धा जरी ब्रेकवर घातला तं गेम दुप्पट चांगला होते. झुकणं पॅडच्या स्टिकवर ठेवलं तरी चालन, ब्रेक अन मूठ मात्र खरी पाहिजे.

मग झाक्सनरिंग लावलं, जर्मनीचं. ३.६७१ किलोमीटर, तेरा वळणं, त्यातली दहा डावी. डावीकडे झुकूनच राहा लागते. माझ्या स्प्रिंगा एवढ्या कडक की थोड्या वेळातच डावा खांदा भरून आला, अन पुढचं जोराचं उजवं वळण आलं की हात लेट. साइड स्टँडच्या स्प्रिंगा काढून जुन्या खाटेच्या बारीक स्प्रिंगा लावल्या, आता मऊ आहे, मधोमध यायला थोडा वेळ घेते पण हात दुखत नाही. रिग तपासायला झाक्सनरिंग अन मुजेल्लो हे दोनच ट्रॅक पुरे, एक हँडल तपासते अन एक ब्रेक.

गावातले पोट्टे गेमातल्या रेस ऑफ या भागातच रमले. त्याच्यात मिनिबाईक, मोटार्ड अन फ्लॅट ट्रॅक आहेत. फ्लॅट ट्रॅकला मातीवर मागचं चाक सरकवत न्यायचं असते. पावसाळ्यात पांदण रस्त्यावर गाडी काढणाऱ्याला ते शिकवा लागत नाही.

२०२५ च्या कॅलेंडरमध्ये भारत नाही याचं वाईट वाटते. सप्टेंबर २०२३ मध्ये नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली होती, इटलीचा बेझ्झेकी जिंकला होता, अन मोटोजीपी २३ मध्ये ते सर्किट होतं. माझ्या हँडलवर तिथे चालवायची फार इच्छा आहे, तो जुना गेम सेलमध्ये आला की घेतो.

११ जून

खर्चाचा हिशोब: भंगार ४५०, बोर्ड ५५०, थ्रॉटल २८०, सेन्सर १८०, एचएक्स७११ ८०, वेल्डिंग ४००, वायर-स्विच-स्क्रू मिळून २०० च्या आसपास. वाया गेलेला पॉट अन जायरो धरून अडीच हजाराच्या आत. वेळ मात्र महिन्याच्या वर, त्यातला जास्तीत जास्त हँडल चुकीच्या दांड्यावर बसवण्यात अन चुंबकात गेला.

राहिलेलं काम. लोड सेलची वायर कूलरच्या वायरजवळून गेली की ब्रेकचा आकडा नाचते, तात्पुरती लांबून फिरवली आहे, शील्डवाली वायर टाकायची आहे. एक्सइनपुटमधून व्हायब्रेशनचा सिग्नल पण बोर्डावर येते, तो जुन्या पॅडच्या मोटरीला देऊन मुठीत बसवायची, म्हणजे मागचं टायर सुटलं की हातात कळन. पण बाबांनी बियाणं आणून ठेवलं आहे, पाऊस लागला की पेरणी, तोवर जमन तेवढं.

आज पाह्यलं तं ब्रेकच्या केबलच्या आतले तार काट्याच्या हुकापाशी एक-एक करून तुटून राहिले, तिथे धारदार वाक पडते. उद्या नवीन केबल टाकतो अन हुकावर गोल नळी चढवतो.